मोकळा रकाना

सातारा, ९ जानेवारी २०२६

अजहर,

सलाम. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. आपाला, तुझ्या थोरल्या बहिणीला, पत्र लिहायचं कुठून सुचलं? शाळेत मुलांकडून पत्रलेखन करून घेता घेता मलाच सवय लागली, असं समज. खरं कारण हे की फोनवर तुझा आवाज आला की जे बोलायचं ते सोडून मी भलतंच बोलते. तुझ्या फारूकचा खोकला, सांगलीचा उकाडा, कांद्याचा भाव. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, एवढं बरं.

अब्बांना जाऊन आज अकरा दिवस झाले. तू आलास, खांदा दिलास, माती दिलीस आणि कब्रस्तानाच्या फाटकातूनच गाडी वळवलीस. सदर बझारातलं आपलं घर तिथून चालत दहा मिनिटांवर. मी चहा करून ठेवला होता. तुझा राग आला, तो अजून गेलेला नाही, आणि तरी तो चहाचा कप मी संध्याकाळपर्यंत ओतून दिला नाही. असो.

अजून माणसं येतायत. रहिमतपूरच्या बाजारात हातगाडीवर पेरू विकणाऱ्या फारूक बागवानांचा, आपल्या आजोबांचा, मुलगा वजीर, वाईजवळच्या जॅमच्या फॅक्टरीत लॅबमध्ये लागला आणि चौतीस वर्षांनी जनरल मॅनेजर होऊन बाहेर पडला, हे प्रत्येक जण मला नव्यानं सांगतो. मी मान डोलावते. मला मात्र तो म्हातारा आठवतो जो निवृत्तीनंतर किराणा दुकानात भिंग घेऊन जायचा. बिस्किटाच्या प्रत्येक पुड्यावरची तारीख वाचायचा. कोपऱ्यावरचा दुकानदार अब्बांना लांबून बघितलं की जुना माल आत टाकायचा. आमच्या फ्रिजमधल्या चटणीवरसुद्धा चिठ्ठी असते, केल्याची तारीख आणि संपवायची तारीख. माझी रुक्सार अक्षरं शिकली ती बरण्यांच्या लेबलांवर. बालवाडीत बाईंनी विचारलं, क कशाचा, तर म्हणाली, कॅल्शियमचा. नाना दिवसभर सगळ्यांना ते सांगत फिरले.

आता मुद्द्याचं. स्वयंपाकघरातल्या उंच फळीवर स्ट्रॉबेरी जॅमची एक बरणी आहे. तुझ्या फारूकसाठी. त्याचा वाढदिवस तीन मार्चला, त्या दिवशी अब्बा दर वर्षी एक बरणी करायचे. पांढरा कोट, डोक्याला टोपी, रुक्सारलाही टोपी आणि मी स्वयंपाकघराच्या बाहेर, कारण मी केस झाकत नाही नीट. लेबलवर बॅच नंबर: फारूक–१, फारूक–२, असं आठपर्यंत. मी म्हणायचे, सांगलीला जाताना नेते ना मी. ते म्हणायचे, नातवाला माझ्या हातानं देईन. आणि नातू कधी येईल ते माहीत नसल्यानं दर वर्षी जुनी बरणी संपवून नवी करायची. पोरगं येईल आणि माल मुदत संपलेला निघेल, हे वजीर बागवानला चालणार नव्हतं.

शेवटच्या बरणीवर लिहिलंय, २ मार्च २०२६ पूर्वी वापरा. यानंतर नवी होणार नाही. फारूकला घेऊन ये, अजहर. त्याआधी.

आपा

ता. क. आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती या पत्रात बसत नाही.


सातारा, २१ जानेवारी २०२६

अजहर,

माझ्या तीन पानी पत्राला तू मोबाइलवर अंगठा पाठवलास. सुंदर अंगठा आहे. फ्रेम करून लावू का?

काल तात्याबा आले होते. तुला आठवत असतील, अब्बांच्या लॅबमधले. माण तालुक्यातले, मेंढरं सोडून फॅक्टरीत आले ते आणि अब्बा एकाच वर्षी लागले. आता पाठीत वाकलेत. दारातच चपला काढून ओट्यावर बसले, आत येईनात. म्हणाले, "सायेब न्हाईत तर आत कुनाला भेटाया येऊ?" मग मी बाहेर जाऊन त्यांच्याशेजारी बसले.

त्यांच्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत एक घडी घातलेला कागद होता. "सायबांनी रिटायर झाल्याल्या दिवशी दिल्ता," म्हणाले. "म्हनले, तात्याबा, मी गेल्यावर ह्यो तरन्नुमच्या हातात द्यायचा. पोस्टानं न्हाई, हातात. आट वर्सं जपलाय बगा, ताई."

तो कागद म्हणजे चौदा मार्च २०१६ ची नकाराची पावती आहे. तुझ्या मालाची. स्ट्रॉबेरी पल्प, तीस ड्रम. प्रयोगशाळा: पास. निर्णय: नाकारला. खाली अब्बांची सही. वरच्या कोपऱ्यात छापलंय, पुरवठादाराची प्रत. तू ती तेव्हा घेतली नव्हतीस. फॅक्टरीच्या फाटकावर सगळ्या ड्रायव्हर-हमालांसमोर अब्बांच्या पायाशी टाकून निघून गेला होतास.

तात्याबांनी एका रकान्यावर बोट ठेवलं. 'नाकारण्याचे कारण', आणि पुढे काहीच नाही. "ह्ये बगा," म्हणाले. "सायबांनी कवा रकाना मोकळा सोडल्याला मी बगितला न्हाई. आमी सोडला तर लय तापायचे. मोकळा रकाना म्हंजी उगडं दार, कोनबी यील आन कायबी लिवंल. लिवायचं नसंल तर आडवी रेघ मारा, रेघंवर सही करा. मंग त्यो कायमचा बंद. आन सोता ह्यात रेघबी न्हाई मारली. का, त्ये तुमाला ठावं का वो?"

मी म्हटलं, नाही.

खोटं बोलले, अजहर. समोर बसलेल्या, माझ्या वडिलांसाठी पन्नास मैलांवरून आलेल्या माणसाशी. ते दोन भाकरी खाऊन गेले. आता तुझ्याकडे आणखी थोडे दिवस मागते.

आपा


सातारा, ८ फेब्रुवारी २०२६

अजहर,

परवा चाळिसावा झाला. बिर्याणीची देग उतरवली, फातेहा झाला, तात्याबा आले, फॅक्टरीतल्या निवडणीच्या बायका टेम्पो करून आल्या. तू आला नाहीस. सांगलीत बेदाण्याचा हंगाम सुरू झालाय, कोल्ड स्टोअरेजच्या मॅनेजरला सुट्टी कशी मिळणार, असं मी सगळ्यांना सांगितलं. आपल्या लोकांना अशा वेळी गप्प बसता येतं, हे बरं आहे.

मागच्या ईदला तुझ्याकडे आले होते, तेव्हा तू एका शेतकऱ्याचे चाळीस खोके परत पाठवलेस. ओलावा जास्त आहे, म्हणालास. तो पाया पडायला आला तरी तू ढिम्म. मी खिडकीतून बघत होते. तुझे हात मागे बांधलेले, मान डावीकडे कललेली. एवढा अब्बांसारखा दिसत होतास की मला हसू आलं आणि मग पुढे शीरखुर्मा गेला नाही.

तुला सांगितलं नाही असं बरंच आहे. अब्बा दर जुलैत सांगलीला यायचे. हळद आणायला. पाच-पाच किलो. आमच्या घरात रुक्सारच्या लग्नापर्यंत पुरेल एवढी हळद साठली आहे. एकदा मी म्हटलं, अब्बा, साताऱ्यात हळद मिळत नाही का? तर म्हणाले, "मिळते. पण सांगलीतल्या शाळा बाराला सुटतात." फारूकच्या शाळेसमोर रसवंतीगृह आहे ना, तिथे बसायचे. पोरगं रिक्षात बसेपर्यंत बघायचे आणि दीडच्या एसटीनं परत.

तू अब्बांशी बोलत नव्हतास, पण मुलाचं नाव ठेवताना रहिमतपूरच्या आजोबांचं ठेवलंस. मी ते सांगितलं, त्या दिवशी अब्बा घरभर 'फारूक, फारूक' म्हणत फिरले. बाथरूममध्येसुद्धा. मला म्हणाले, "बघ, पत्र आलं त्याचं."

त्यांची वही सापडली. प्रत्येक बरणीची नोंद आहे. फळ कुठल्या शेतातलं, साखर किती, किती वेळ शिजवलं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. दोन मार्चच्या संध्याकाळपर्यंत वाट बघायचे, मग बरणी उघडून चव घ्यायचे आणि शेरा लिहायचे. फारूक–१: रंग चांगला. ग्राहक आला नाही. फारूक–२: घट्टपणा किंचित कमी. ग्राहक आला नाही. फारूक–५: उत्तम. ग्राहक आला नाही. सात ओळी तशाच. आठवीचा शेरा अजून लिहायचा आहे.

बरणी मग रुक्सार संपवायची. ती म्हणते, दर तीन मार्चला नाना खूप जोरात हसायचे.

तू म्हणशील, आपा, हे सगळं मला रडवायला लिहितेस. हो. आणि मला जे लिहायचं आहे ते लांबवायला.

आपा


सातारा, २० फेब्रुवारी २०२६

अजहर,

रोजे सुरू झाले. काल पहिला होता. उपाशी पोटी खोटं निभत नाही, म्हणून आज लिहूनच टाकते. हे पत्र बसून वाच. शेजारी कुणी असेल तर त्याला जायला सांग.

मार्च २०१६. रुक्सारचे अब्बू जाऊन दीड वर्ष झालं होतं, मी पाच वर्षांची पोर घेऊन अब्बांकडे राहत होते, आणि पाचगणीच्या उतारावर तू पत्र्याच्या शेडमध्ये पल्पचं युनिट टाकलं होतंस. रविवारी मी मदतीला यायचे. तेरा तारीख होती. निवडणाऱ्या बायका दुपारीच आठवड्याच्या बाजाराला गेल्या. तू ट्रक ठरवायला वाईला उतरलास. जाताना म्हणालास, आपा, बघ जरा.

आपल्या शेडमधला रिवाज तुला माहीत आहे. बुरशी धरलेल्या, फेकायच्या फळांच्या क्रेटवर गोणपाट टाकायचं. बाकी सगळं चांगलं. ऊन कडक होतं. चांगली फळं उन्हात काळवंडतील म्हणून मी फेकायच्या क्रेटवरची गोणपाटं काढली आणि चांगल्यांवर घातली. मायेनं घातली रे. मग रुक्सार पडली, तिचा गुडघा फुटला, मी तिला घेऊन बसले. मशीनवरच्या माणसानं हाक मारली, ताई, राहिलेलं कुठलं घालू? मी तिथूनच म्हटलं, गोणपाट नसलेलं घाल.

अकरा क्रेट. चांगली फळं त्यानं खड्ड्यात टाकली. ती खड्ड्यात लालभडक दिसली तेव्हा माझ्या लक्षात आलं. तोवर पल्प ड्रममध्ये गेला होता, कुठल्या ड्रममध्ये तेही कळायला मार्ग नव्हता.

तू ट्रक घेऊन आलास. इतका खूश होतास. अब्बांच्याच फॅक्टरीत पहिला मोठा माल. मी तुला सांगितलं नाही.

पण मी गप्पही बसले नाही, आणि हे सगळ्यात वाईट. सकाळी मी अब्बांना फॅक्टरीत फोन केला. सगळं सांगितलं आणि म्हटलं, अब्बा, लॅबमध्ये पास झाला तर जाऊ द्या ना. बघून न बघितल्यासारखं करा. अजहरला माझं नाव कळू देऊ नका.

ते म्हणाले, "जॅम पोरं खातात, तरन्नुम." आणि मग, "तू नाश्ता केलास का?"

लॅबनं पाच ड्रममधले नमुने घेतले, ते स्वच्छ निघाले. म्हणून तुला वाटलं, लॅब पास करते आणि बाप नापास करतो. प्रामाणिकपणा मिरवायला पोराचा बळी दिला. फाटकावर तू ते ओरडून म्हणालास. त्यांच्याकडे एका वाक्याचं उत्तर होतं आणि ते माझं नाव होतं.

नंतर एकदा मी म्हटलं, मी सांगते त्याला. तर म्हणाले, "बापावर रुसलेलं पोरगं दुसरीकडे जाऊन जगतं. भावानं तुला तोडलं तर माझ्यामागं तू ईदला कुणाच्या दारात जाणार? तुझं माहेर कोण?" आणि मी ऐकलं. मला सोयीचं होतं म्हणून ऐकलं. नऊ वर्षं दर ईदला मी तुझ्या घरी आले, तुझ्या बायकोच्या हातचं खाल्लं, तू दिलेली साडी नेसले. अब्बा इथे एकटे. जाताना म्हणायचे, "जा, माझं पोट भरलंय." त्यांनी मला भाऊ दिला आणि स्वतःचा मुलगा त्यासाठी दिला.

तो रकाना त्यांनी मोकळा का सोडला, तात्याबांना मी 'माहीत नाही' म्हटलं. माहीत आहे. रेघ मारली असती तर मला कधीच काही लिहिता आलं नसतं. दार त्यांनी माझ्यासाठी उघडं ठेवलं होतं.

नाकारण्याचे कारण: तरन्नुम.

लिहिलं. आता तू मला तोडलंस तर तुझा दोष नाही. पण बरणीला त्याची शिक्षा नको. फारूकला कुणाबरोबरही पाठव. माझं तोंड बघायचं नसेल तर मी शेजारी जाऊन बसेन.

आपा


सातारा, ५ मार्च २०२६

लाडक्या फारूक,

ही तुझी सातारची फुफी. हे पत्र तुला अब्बू वाचून दाखवतील, म्हणजे त्यांनाही ते पूर्ण वाचावं लागेल. फुफी शाळेत शिकवते, तिला अशा युक्त्या येतात.

रविवारी तू आलास. त्याआधी नऊ दिवस मी मोबाइल बघत होते. अब्बूंचा अंगठासुद्धा आला नाही. रुक्सारदीदीनं इफ्तारीला खजूर मांडले, पाव कापला, आणि मी बरणी फळीवरून काढून परत ठेवली, तीनदा. मग खाली गाडीचं दार वाजलं.

मी सलाम केला, तुझ्या अब्बूंनी नुसती मान हलवली. तू मात्र भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणालास, "हे तर रसवाले आजोबा! मला विचारायचे, डब्यात काय आणलं होतं." अब्बू फोटोसमोर उभे राहिले. अजान होईपर्यंत हलले नाहीत.

मग त्यांनी बरणी घेतली. आधी तारीख वाचली. झाकण दाबून बघितलं, उजेडात धरून रंग बघितला. तू म्हणालास, "अब्बू, खायचंय, तपासायचं नाही." किती बरोबर बोललास रे. तू तीन पाव खाल्लेस, बोटं चाटलीस, आणि दीदीनं वही पुढे केली. आठव्या ओळीत तू तुझ्या हातानं लिहिलंस: चव लय भारी. ग्राहक आला.

पुढचं तू बघितलं नाहीस, तू दीदीबरोबर गच्चीवर होतास. म्हणून सांगते.

अब्बू म्हणाले, "कागद कुठाय?" मी दिला. तुझ्या आजोबांचा पांढरा कोट खुंटीला होता, त्याच्या खिशातलं पेन त्यांनी काढलं. त्या मोकळ्या रकान्यात माझं नाव बसेल एवढी जागा होती, आणि ते लिहायचा त्यांना पूर्ण हक्क होता.

त्यांनी आडवी रेघ मारली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ. रेघेवर सही केली. मग कागदाची घडी घालून शर्टच्या खिशात ठेवली. "पुरवठादाराची प्रत आहे," म्हणाले. "माझी आहे ती. तेव्हा न्यायची राहिली होती."

दाराशी बूट घालताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपा, बेदाणा यंदा चांगलाय. ईदला येशील तेव्हा शीरखुर्म्यापुरता काढून ठेवतो."

गाडीत बसल्यावर तू काच खाली करून विचारलंस, फुफी रडतेय का? अब्बू म्हणाले, "रोजा सोडल्यावर होतं असं." ते खोटं आहे, बाळा. त्यांना वाचताना इथे थांबता येणार नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. माझं माहेर तुमच्या गाडीत बसून सांगलीला निघालं होतं, आणि मला ईदला बोलावून निघालं होतं. म्हणून मी रडत होते.

तुझी फुफी

ता. क. तीन तारखेला मी आणि दीदीनं फारूक–९ केली. या वेळी मी केस नीट झाकले होते.